विचारणारं भूत



चुलीपुढं बसलेल्या, शिलाई मशीनवर बसलेल्या, शेळ्यांमागं फिरताना मोबाईल कमरेला खोचून ऐकणाऱ्या, सगळ्या जणींना नमस्कार. मागच्या महिन्यात आपण बँक कर्जाच्या कागदांवर बोललो. त्यानंतर दोन-तीन गटांकडून निरोप आला, ताई, एखादा दिवस बिनहिशेबाचा असू दे की. म्हणून आज गोष्ट. पण नुसती गोष्ट नाही. एकच गोष्ट वेगवेगळ्या माणसांनी कशी सांगितली, आणि दर वेळी त्या गोष्टीतल्या बाईच्या पदरात काय पडलं, ते बघायचं आहे. म्हणजे हिशेब आलाच बघा, पण वेगळा.

तुमच्यापैकी कितीतरी जणींनी 'पहेली' हा पिक्चर टीव्हीवर बघितला असेल. शाहरुख खान भूत असतो आणि राणी मुखर्जीच्या नवऱ्याचं रूप घेऊन येतो, तोच. २००५ सालचा. आपल्या अमोल पालेकरांनी केलेला, आणि पटकथा संध्या गोखले यांची. त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करला हाच पिक्चर पाठवला होता. तर हा पिक्चर काही आभाळातून पडला नाही. त्याच्यामागं राजस्थानातल्या एका खेड्यात राहणाऱ्या लेखकाची गोष्ट आहे. आणि त्या लेखकाच्या मागं, तोंडातोंडी चालत आलेली फार जुनी गोष्ट आहे. आपण जुन्या टोकापासून सुरुवात करू.

ही जुनी गोष्ट बऱ्याच प्रांतांत सांगतात. बंगालमधली छापील मिळते. लालबिहारी दे नावाच्या गृहस्थांनी १८८३ साली बंगालच्या लोककथांचं पुस्तक इंग्रजीत काढलं, त्यात ती आहे. एक गरीब ब्राह्मण असतो. लोकांकडून पैसे मागून कसंबसं लग्न करतो आणि घरात खायला नाही म्हणून आई आणि नवी बायको घरी ठेवून कमवायला परमुलखात जातो. तो गेला त्याच दिवशी एक भूत त्याचं रूप घेऊन घरात शिरतं. बायकोला वाटतं, हा इतक्यात कसा परत आला? भूत काहीतरी सांगून वेळ मारून नेतं. वर्षं जातात. खरा ब्राह्मण परत येतो तर घरात दुसराच तो! गाव चक्रावतं, राजा चक्रावतो. शेवटी गुरं राखणारी पोरं, राजा-राजा खेळत असतात ती, न्याय करतात. त्यांच्यातला राजा झालेला पोरगा एक बारीक तोंडाची कुपी काढतो आणि म्हणतो, जो ह्या कुपीत शिरेल तो खरा. माणूस कसा शिरणार? तो रडायला लागतो. भूत मात्र पटकन शिरतं, आणि पोरगा वरून बूच मारतो. कुपी समुद्रात. ब्राह्मणाला घर, बायको, आई सगळं परत मिळतं. पुढं पोरंबाळं होतात. गोष्ट संपली.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा मलाही गुराख्याच्या पोराचं कौतुक वाटलं. छान गोष्ट आहे. पण ती गोष्ट गुराख्याच्या पोराची आहे. बायकोला दोन नवऱ्यांत काही फरक जाणवला का? भूत बाटलीत गेलं तेव्हा तिला हायसं वाटलं की आणखी काही? गोष्टीत त्यातलं काही नाही. घर परत मिळालं तशी बायको परत मिळाली.

आता राजस्थानात जाऊ. जोधपूरकडं बोरुंदा नावाचं गाव आहे. तिथं विजयदान देथा नावाचे लेखक राहत. जन्म १९२६ चा, २०१३ मध्ये वारले. लहानपणीच वडील आणि भाऊ भावकीच्या वैरात मारले गेलेले. शिकले, हिंदीत लिहू लागले, आणि मग त्यांनी ठरवलं की लिहायचं ते आपल्या गावच्या बोलीत, राजस्थानीत. ते परत गावात येऊन राहिले. गावातल्या लोकांकडून, त्यातही बायकांकडून, गोष्टी ऐकायच्या आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा लिहायच्या, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. 'बातां री फुलवाडी' म्हणजे गोष्टींची बाग, असे त्याचे चौदा भाग आहेत. छापखानासुद्धा गावातच घातला. १९६० साली कोमल कोठारी ह्या आपल्या मित्राबरोबर त्यांनी गावात रूपायन संस्थान काढलं, लोकगीतं आणि लोककथा जमवायला. 'फुलवाडी'च्या दहाव्या भागाला १९७४ साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. हबीब तन्वीरांचं 'चरणदास चोर' हे नाटक गाजलं, तेही ह्यांच्याच गोष्टीवरून. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडं कुणी चार बुकं शिकला की गावच्या बोलीची लाज वाटायला लागते.

देथांनी भुताची गोष्ट घेतली आणि तिला नाव दिलं 'दुविधा'. म्हणजे मन दोन्हीकडं ओढलं जाणं. नावापासूनच बघा, गोष्ट गुराख्याकडून उठून बायकोकडं आली. कारण मन दुभंगणार ते तिचं.

शेटजीचा मुलगा लग्न करून वरात घेऊन परतत असतो. वाटेत नवरीला काटेरी झुडपावरची रानफळं दिसतात, आपल्याकडं बोरं-करवंदं असतात तसली. तिला ती खावीशी वाटतात. नवरा हसतो. ही खेडवळांची फळं, तू खारीक-खोबरं खा की, म्हणतो. आणि पुन्हा वहीत डोकं घालतो, कारण लग्नाच्या खर्चाचा मेळ लागत नसतो. लग्न होऊन एक दिवस झाला नाही तर हा वाटेत हिशेब करतोय! (आपण गटाचा हिशेब करतो तो वेगळा, गैरसमज नको.) ती आपली स्वतः उतरून फळं तोडून आणते.

पुढं वरात एका खेजडीच्या झाडाखाली विसाव्याला थांबते. खेजडी म्हणजे आपली शमी, सौंदड म्हणतो ती. त्या झाडावरच्या भुताला नवरीचं तोंड दिसतं आणि ते तिच्यावर भाळतं. भुतं काय करतात? झपाटतात. हे भूत झपाटत नाही. तिला त्रास होईल म्हणून थांबतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी नवरा व्यापाराला निघतो, पाच वर्षांसाठी. मुहूर्त चांगला आहे, चुकवून चालणार नाही. बायकोला जवळसुद्धा घेत नाही, कशाला उगीच सवय लावायची. वाटेत भुताला ही हकिकत कळते. ते नवऱ्याचं रूप घेतं आणि घरी येतं. सासऱ्याला सांगतं, एका महात्म्याचा आशीर्वाद मिळालाय, रोज पाच मोहरा मिळतील. सासरा खूश. मुलगा कसा काय परतला, हे मग तो जास्त विचारत नाही. रोज मोहरा येतायत ना?

आणि आता ती जागा येते जिच्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगतेय. रात्री भूत नवरीच्या खोलीत जातं. ते गप्प बसलं असतं तर तिला कधीच कळलं नसतं. बंगालच्या गोष्टीतलं भूत गप्प बसलं होतं. देथांचं भूत तिला खरं सांगतं. मी तुझा नवरा नाही. तो गेलाय. मी अमुक झाडावरचा. आता तू सांगशील तसं. राहू म्हणालीस तर राहतो, जा म्हणालीस तर जातो.

लग्न ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. पाच वर्षं जाऊ का, हे नवऱ्यानं विचारलं नव्हतं. तिला पहिल्यांदा कुणी विचारलं ते भुतानं.

ती राहा म्हणते.

आता आमच्या बैठकीत काय झालं ते सांगते. महिन्याची बचत गोळा झाली, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले, आणि मी गोष्ट सांगायला लागले. इथपर्यंत आल्यावर कुणी बोलेना. तुम्हाला आपला भाग माहीत आहे. खानापूर-आटपाडी, माण-खटाव ह्या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. पंजाबात बघा, तमिळनाडूत बघा, सराफ कट्ट्याच्या आसपास आपला गलाईवाला असतोच. दुष्काळानं त्यांना बाहेर काढलं आणि त्या धंद्यानं आपल्याकडं कितीतरी घरं उभी केली. स्लॅबची घरं आली, पोरं शिकली. पण लग्नाचा नवरा वर्षात दिवाळीला आणि जत्रेला दिसणार, हे आपल्याकडं किती जणींनी काढलंय! हल्ली बऱ्याच जणी बरोबर जातात. तरी म्हातारी माणसं, जनावरं, रान बघायला कुणीतरी मागं राहायचंच, आणि ती बहुतेक बाईच.

तर अशी एक जण, नवरा दक्षिणेत असतो, लग्नाला अकरा वर्षं झाली, ती हळूच म्हणाली, "ताई, त्या भुतानं निदान इचारलं तरी."

सगळ्या हसल्या. हसता हसता दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला.

आमच्या गटात एक थोरल्या आक्का आहेत. त्यांना हे आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "पोरीसुनांपुढं असल्या गोष्टी सांगू न्हाईत. नवरा परगावी ऱ्हातो आन् बाई दुसऱ्याबरं नांदती, ह्यात काय घ्यायचं?" त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. नवरा बाहेर असलेल्या बाईकडं गाव कसल्या नजरेनं बघतं हे आक्कांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. घरी दूध घालायला आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलली तरी चर्चा होते. आक्कांची भीती गोष्टीची नव्हती, गावाची होती. मी एवढंच म्हणाले, आक्का, गोष्ट कुणाला असं वागा म्हणून सांगत नाही. त्या घरात काय कमी होतं ते सांगते. घरात जे नाही, ते गोष्ट भुताच्या रूपानं आत आणून उभं करते.

आक्का काही बोलल्या नाहीत. पण उठूनही गेल्या नाहीत.

गोष्ट पुढं अशी जाते. चार वर्षं सुखात जातात. दिवस राहतात. ही बातमी परमुलखात नवऱ्याच्या कानावर जाते आणि तो धावत येतो. इकडं तिला वेणा येतायत आणि दारात दुसरा नवरा. मुलगी होते. दोघांपैकी खरा कोण, ठरेना. राजाकडं न्यायला निघतात, वाटेत मेंढपाळ भेटतो. बंगालमधला गुराखी तो इथं मेंढपाळ झालाय. तो दोन-तीन परीक्षा घेतो, शेवटची परीक्षा पाण्याच्या कातडी पिशवीत शिरायची. भूत शिरतं, मेंढपाळ तोंड आवळतो आणि पिशवी पाण्यात फेकून देतो. नवरा जिंकून घरी येतो.

शेवट तोच. पण आता तो शेवट गोड लागत नाही. बंगालच्या गोष्टीत भूत बाटलीत गेलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. इथं तेच झालं आणि घशात आवंढा आला. कारण ह्या वेळी आपण त्या बाईच्या खोलीत बसून गोष्ट ऐकत होतो. ती त्याच खोलीत, त्याच नवऱ्याकडं परत जाते. लेखकानं मेंढपाळाची हुशारी काढून घेतली नाही, घटना फारशा बदलल्या नाहीत. फक्त कुठं बसून बघायचं ती जागा बदलली.

आमच्यातल्या एकीनं विचारलं, "मग त्या पोरीच्या नावापुढं बापाचं नाव कुणाचं लावायचं?" दुसरी लगेच म्हणाली, "आता आधी आईचं लागतंय की!" आणि ते खरंच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा आपल्या राज्याचा निर्णय आहे. गोष्टीतली मुलगी फार आधी जन्मली, बिचारी.

ह्याच 'दुविधा'वर मणी कौल यांनी १९७३ साली एक सिनेमा केला होता, कमी बोलणारा, संथ. आणि मग 'पहेली' आला. पालेकरांनी शेवट फिरवला. पिशवीत भरलेलं भूत सुटतं आणि खऱ्या नवऱ्याच्या शरीरात शिरून परत येतं. लच्छीला तिचा माणूस मिळतो. गावाला वाटतं खरा मुलगा आला, बापाला मुलगा मिळाला, सगळे खूश. दोन कठपुतळ्या ही गोष्ट सांगत असतात, ते तुम्हाला आठवत असेल.

मी बैठकीत विचारलं, कुठला शेवट बरा? सगळ्या जणी 'पहेली'च्या बाजूच्या. पैसे देऊन रडायला कोण जातंय, असं एकीचं म्हणणं. मला स्वतःला देथांचा शेवट जास्त खरा वाटतो. गोड शेवट झाला की त्या घरातलं कुणाला काही बदलावं लागत नाही. सासरा तसाच राहतो, मुहूर्त आणि वही तशीच राहते. पण माझं हे मत मांडून होतंय तोवर त्या अकरा वर्षंवाल्या बाईनं विचारलं, "पण मग खरा नवरा गेला कुठं? त्याच्या अंगात भूत शिरलं, मग तो?"

कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. ती म्हणाली, त्यालाही बापानंच पाठवला होता ना? त्याला तरी कुठं जायचं होतं. तिचा नवरा सतराव्या वर्षी चुलत्याबरोबर गेला होता, भट्टीपुढं बसायला. त्याला जायचं आहे का, हे त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

बघा, तिनं गोष्ट आणखी एकदा सांगितली. देथांनी बायकोच्या खोलीत बसून सांगितली, हिनं नवऱ्याच्या भट्टीपुढं बसून. लेखक तरी दुसरं काय करतात? पुराणातल्या कथांचं मराठीत हे पुष्कळ झालंय. खांडेकरांचा 'ययाति' १९५९ चा. शिवाजी सावंतांचा 'मृत्युंजय' १९६७ चा, तो तर आपल्याकडं न वाचणाऱ्याच्या घरातसुद्धा असतो. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातली माणसं देव्हाऱ्यातून खाली उतरवून आपल्यासारखी उभी केली. ह्या पुस्तकांबद्दल भाषणं होतात, पारितोषिकं मिळतात, आणि ते योग्यच आहे. मात्र चुलीपुढच्या गोष्टीला कुणी हात लावला तर म्हणतात, ती काय, पोरंटोरं झोपवायची गोष्ट. म्हणून मला देथांचं मोठं वाटतं.

तसंच दुसऱ्या एकाचंही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात ह्या गोष्टीची बहीण राहते. गिरीश कार्नाड तुम्हाला माहीत आहेत. 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटीलचा नवरा झाले होते ते. जन्म माथेरानचा, पण नाटकं लिहिली कन्नडमध्ये. ए. के. रामानुजन नावाचे त्यांचे मित्र होते, मोठे कवी, शिकागोला शिकवायचे आणि कर्नाटकातल्या लोककथा जमवायचे. त्यांनी सांगितलेल्या दोन लोककथांवरून कार्नाडांनी १९८८ मध्ये 'नागमंडल' लिहिलं. ते मराठीतही आहे.

त्यातली राणी नव्या नवरीची सासरी येते. नवरा अप्पण्णा तिला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावतो. दुपारी जेवायला यायचं, आंघोळ करायची, आणि पुन्हा कुलूप लावून दुसऱ्या बाईकडं जायचं. एक आंधळी म्हातारी राणीला मुळी देते, ही जेवणात घाल म्हणजे नवरा तुझा होईल. राणी मुळी कालवणात घालते तर ते लालभडक होऊन उकळायला लागतं. ती घाबरते, म्हणते नवऱ्याला काही झालं तर! आणि ते कालवण बाहेर वारुळावर ओतून टाकते. वारुळात नाग. तो ते पितो आणि तिच्या प्रेमात पडतो. मग रोज रात्री तो अप्पण्णाचं रूप घेऊन येतो. दुपारचा नवरा तिच्याशी धड बोलत नाही. रात्रीचा नवरा तिला माहेरच्या आठवणी विचारतो. ती गोंधळते, पण प्रश्न विचारायचे नाहीत असं त्यानं सांगितलेलं असतं.

दिवस राहिल्यावर अप्पण्णा पंचांना बोलावतो. राणीनं दिव्य करायचं. ती म्हणते, वारुळातला नाग हातात धरून शपथ घेते. घेते आणि म्हणते, माझा नवरा आणि हा नाग, ह्या दोघांशिवाय मी कुणालाही हात लावलेला नाही. आता ह्यात खोटं काय आहे सांगा! नाग तिच्या डोक्यावर फणा धरतो. गाव तिच्या पायावर पडतं, देवी म्हणतं. आणि अप्पण्णालाही मुकाट्यानं तिच्याबरोबर नांदावं लागतं.

आपल्याकडं नागपंचमीच्या कहाणीतही नाग माणसाचं रूप घेऊन येतो. धाकट्या सुनेला माहेरचं कुणी नसतं, तर नाग तिचा मामा होऊन न्यायला येतो. लहानपणी मी ती पाटावर बसून ऐकायचे. 'नागमंडल' वाचल्यावर मला दोन्ही नाग शेजारी दिसले. जिला माहेर नाही तिच्यासाठी नाग मामा झाला. जिच्याशी नवरा बोलत नाही तिच्यासाठी नवरा झाला. नाग कोण होऊन येतो ते बघितलं की त्या घरात काय नाही ते कळतं. टीव्हीवर नागिणीच्या मालिका चालतात त्यांच्यात हे काही नसतं, नुसते दागिने असतात.

कार्नाडांनी दोन शेवट लिहून ठेवले आहेत. पहिल्यात नाग मरतो. ते ऐकणाऱ्याला पटत नाही, मग दुसरा शेवट येतो, त्यात नाग राणीच्या केसांत राहतो. पण हे ऐकणारं कोण? तर दिव्याच्या ज्योती. आणि मला ह्या नाटकातला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे.

गावातल्या सगळ्या घरांतले दिवे विझले की त्यांच्या ज्योती रात्री एका देवळात जमतात आणि आपापल्या घरातल्या गोष्टी एकमेकींना सांगतात. आपल्या बैठकीसारखंच, फक्त कर्जवाटप नाही. ही कल्पनाही लोककथेतलीच. मूळ गोष्ट अशी आहे. एका बाईला एक गोष्ट येत असते आणि एक गाणं येत असतं. पण ती कुणालाच सांगत नाही. गोष्ट आणि गाणं आत कोंडून गुदमरतात. एक दिवस ती तोंड उघडं टाकून झोपलेली असताना दोघं निसटतात. गोष्ट होते बुटांचा जोड, गाणं होतं पुरुषाचा कोट, आणि दोघं तिच्याच दारात जाऊन बसतात. नवरा येतो. हे कुणाचे बूट? कुणाचा कोट? कोण आलंय घरात? तिला तर काहीच माहीत नाही. भांडण होतं, नवरा रागानं मारुतीच्या देवळात झोपायला जातो. तिथं मध्यरात्री दिवे जमतात. त्याच्या घरचा दिवा उशिरा येतो आणि सांगतो, आज आमच्याकडं लई भांडण झालं बाई, त्या बाईनं गोष्ट सांगितली नाही म्हणून हा सूड उगवलाय.

कार्नाडांनी बूट आणि कोट काढून गोष्टीला तरुण मुलगी केलं आणि गाण्याला तिची साडी. रंगमंचावर ते छान दिसत असेल. पण मला बूट आणि कोटच आवडतात. बाई मनात काही ठेवते, बोलत नाही, आणि बाकीच्यांना वाटतं हिच्या मनात पुरुष आहे. असली तिच्या मनात गोष्ट! हे ज्या बाईनं पहिल्यांदा रचलं तिला किती काय माहीत असेल.

मूळ गोष्टीचा शेवट नाटकात नाही. नवऱ्याला दिव्याचं बोलणं ऐकून खरं काय ते कळतं. तो घरी जातो आणि बायकोला म्हणतो, सांग ती गोष्ट, म्हण ते गाणं. आणि ती म्हणते, कसली गोष्ट? कसलं गाणं? ती विसरलेली असते.

आमच्या गटात आता असं ठरलंय की दर महिन्याला बैठक संपल्यावर एकीनं गोष्ट सांगायची. मोबाईलवर भरून घ्यायची. सुरुवातीला आपलं नाव, गाव, आणि ही गोष्ट कुणाकडून ऐकली त्या बाईचं नाव सांगायचं. ह्याला कारण आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त, आणि गाणाऱ्या बाईचं नाव-गाव टिपून ठेवलं. देथांना, रामानुजनांना गोष्टी सांगणाऱ्या कितीतरी बायकांची नावं मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत. पुस्तकावर लेखकाचं नाव येतं. आपल्याला ते यायला नको असं नाही. पण आजीचं नावही असावं ना. आणि आणखी एक, सांगताना कुणी मध्येच "असं नाही, आमच्याकडं वेगळं आहे" म्हणाली तर तिला गप्प बसवायचं नाही. तिचंही भरून घ्यायचं, दुसरी गोष्ट म्हणून.

पहिल्या महिन्यात मी बोलले. पुढच्या महिन्यात कोण, असं विचारल्यावर थोडा वेळ कुणी हात वर करेना. मग थोरल्या आक्का म्हणाल्या, मला एक येती, आमची आत्या सांगायची. त्या गोष्टीतला नवरा बारा वर्षांनी घरी येतो आणि दार वाजवतो. बायको दार उघडते का, असं आम्ही लगेच विचारलं. आक्का म्हणाल्या, ते बैठकीत सांगीन. हप्ता घेऊन या.